धूर कुठं जाणार?

गेले तीन वीकांत लिहायला बसताच आलं नाही, कारण घरात बसायलाच जागा नाही. लंडनच्या वायव्य उपनगरातलं आमचं घर १९३० च्या दशकातलं. शेजारच्या घराला एका भिंतीने चिकटलेलं. मागचं स्वयंपाकघर अंगणात आठ फूट वाढवायचं काम काढलंय. सध्या फ्रीज हॉलमध्ये, मिक्सर जिन्याखाली, आणि वरणभातापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यावर सिमेंटची पिठी.

परवा बाबांना कराडला व्हिडिओ कॉलवर नकाशा दाखवत होतो. ओटा इथे, सिंक इथे, छताला काच... बाबांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बॉयलरचा धूर कुठं जाणार?"

"मागच्या भिंतीतून पाइप बाहेर काढलाय ना बाबा. पहिल्यापासून आहे तो."

"अरे, पण ती भिंत तर तू आत घेतोयस."

खरंच की! जिथे आज पाइपचं तोंड अंगणात उघडतं, तिथे उद्या आमचं डायनिंग टेबल येणार होतं. आर्किटेक्टच्या लक्षात आलं नाही, तीस वर्षं घरं बांधणाऱ्या बिल्डरच्या लक्षात आलं नाही, आणि दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका काढून पगार घेणाऱ्या माझ्या तर नाहीच नाही. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, काळजी करू नका, पाइप छतातून लांबवू, नंतर बघू. 'नंतर बघू' हे शब्द कुठल्याही भाषेत ऐकले की मला घाम फुटतो.

म्हणून शनिवारी 'कुठला बॉयलर घ्यावा' हे वाचायला बसलो आणि नेहमीप्रमाणे भरकटत दीडशे वर्षं मागे गेलो.

सुरुवात मात्र आजीच्या बंबापासून करतो. ज्यांनी बंब पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: तांब्याचं किंवा पितळेचं उभं पिंप, खाली तोटी, आणि मधोमध आरपार एक नळी. नळीच्या तळाशी जाळी. वरून करवंट्या, ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे टाकायचे. आग नळीत, पाणी नळीभोवती, धूर वरून बाहेर. (आग लावतो तोही बंब आणि आग विझवायला येतो तोही बंब. या भाषेत प्रोग्रॅमिंग करायची वेळ आली नाही हे बरं.) आमचा बंब मागच्या अंगणात न्हाणीच्या दाराबाहेर असायचा. सुट्टीत मी एकदा पावसाचं निमित्त करून तो न्हाणीत आणायचा प्रस्ताव मांडला होता. आजीने उत्तरसुद्धा दिलं नाही, नुसतं पाहिलं.

आता गंमत बघा. रशियन समोवार हीच कल्पना. आणि १८२९ मध्ये रेनहिलची शर्यत जिंकणारं स्टीफन्सनचं 'रॉकेट' इंजिन? त्याच्या बॉयलरमधून तांब्याच्या २५ नळ्या गेल्या होत्या. आग एका टोकाला, गरम वायू नळ्यांमधून, पाणी नळ्यांभोवती. म्हणजे आडवे झोपवलेले पंचवीस बंब! नळ्या जास्त म्हणजे धातूचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे धुरातली उष्णता जास्त चांगली काढून घेता येते. पण बारीक नळ्यांतून धूर सहजी पुढे सरकत नाही. म्हणून वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडून त्या झोताने धूर ओढून घ्यायची युक्ती केली. धुरातून जितकी उष्णता काढून घ्याल तितकी त्याला बाहेर घालवायला मदत करावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आमच्या माळ्यावर उपयोगी पडणार आहे.

धुराडं चालतं कसं? गरम हवा हलकी म्हणून वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते. यालाच ओढ म्हणायचं. धुराडं जितकं उंच आणि धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त. बंबाची नळी स्वतःच छोटंसं धुराडं होती. उष्णता वाया जायची खरी, पण त्या वाया जाण्यातच धूर बाहेर न्यायचं काम होऊन जायचं.

१८६८ मध्ये लंडनमधल्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि पेटंट घेतलं. आइसलंडमध्ये हौकादालूर खोऱ्यात 'गेसिर' नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. त्याच्यावरून यंत्राचं नाव ठेवलं गिझर. आपण आजही विजेच्या टाकीलासुद्धा गिझरच म्हणतो. इथे मात्र हा शब्द जपून वापरा. इथल्या बोलीत तसाच ऐकू येणारा 'गीझर' म्हणजे 'एक इसम'. इथे आल्या आल्या मी ऑफिसात "माझा गीझर बिघडलाय" असं सांगितलं होतं, त्यावर आमची टीम पुढचे सहा महिने जगली. :-)

तर मॉनसाहेबांच्या यंत्रात नळ उघडला की पाणी खालच्या ज्वाळांच्या गरम वायूंमधूनच पडायचं आणि थेट टबात. कल्पना झकास. भानगड एकच होती: धूर बाहेर न्यायला नळीच नव्हती. जे जळलं ते सगळं न्हाणीघरातच.

पुढे जर्मनीत हे यंत्र सुधारलं. रेमशाइडच्या योहान वायलंटने १८९४ मध्ये बंद पद्धतीच्या गॅस बंबाचं पेटंट घेतलं. त्यात ज्वाळेचा वायू आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत, म्हणजे पुन्हा आजीच्याच तत्त्वावर आले. दुसरा माणूस ह्यूगो युंकर्स. याने आधी १८९२ मध्ये वायूंची उष्णता मोजायचं उपकरण बनवलं, आणि मग लक्षात आलं की हे उपकरण म्हणजे उत्तम गिझर आहे! १८९५ मध्ये डेसाउला कारखाना काढला. त्या पैशावर तो पुढे विमानांकडे वळला. १९१५ चं पूर्ण धातूचं विमान त्याचंच. आणि १९३२ मध्ये पैशाची चणचण झाल्यावर त्याने विकला तो गिझरचा धंदा, बॉशला. माझ्या यादीतल्या तीन बॉयलरपैकी दोन या दोघांच्या वंशातले निघाले.

आता इथे थांबून मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. ती टाळून हा लेख पूर्ण करून बघितला, जमलं नाही.

जानेवारी २००६. पुणे, कोथरूड. आम्ही चौघं नवे इंजिनियर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाथरूममध्ये सिलिंडरवरचा गॅस गिझर, त्याचा डोक्यावरचा भाग उघडाच. भिंतीत वर काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी. त्या वर्षी थंडी चांगलीच होती आणि खिडकीतून अंगावर गार झोत यायचा. मी नव्या मॉनिटरच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापला आणि खाकी टेपने खिडकीवर चिकटवला. सगळ्यांनी शाबासकी दिली.

आठवड्याभराने एका सकाळी आमच्यातला एक जण अंघोळीला गेला आणि बाहेरच येईना. पाणी वाहतंय, हाक मारली तर ओ नाही. आधी वाटलं, मजा करतोय. मग दोघांनी लाथा घालून कडी तोडली. तो फरशीवर पडला होता, डोळे अर्धवट उघडे. टॉवेलमध्ये गुंडाळून रिक्षातून हॉस्पिटलला नेला. ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आला, पुढे बरेच दिवस डोकं दुखत होतं. वाचला.

घरमालक म्हणाले गिझरवाल्याची चूक, गिझरवाला म्हणाला सिलिंडरवाल्याची. आम्ही सगळ्यांशी भांडलो. त्या रात्री हॉस्पिटलातून आल्यावर मी तो पुठ्ठा काढला, चार तुकडे केले आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकला. कोणाला काही बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

शनिवारी मी त्या बाथरूमचा ढोबळ हिशोब केला. सहा बाय चार, उंची आठ फूट. म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटरवाला गिझर पूर्ण चालवला तर तासाला अंदाजे ९०० ग्रॅम गॅस खातो. एक किलो गॅस जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दर मिनिटाला १८० लिटर हवेतला प्राणवायू संपतो. दहा मिनिटांत खोलीतल्या हवेचा एक तृतीयांश भाग खलास! दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, तेवढीच. प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड बनायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पाय साथ देत नाहीत, आणि विचार करायची ताकदच गेलेली असते, त्यामुळे दार उघडायचं सुचत नाही.

हे सगळं तेव्हाही ठाऊक होतं, मलाच नव्हतं. क्लोद बर्नारने १८५० च्या दशकात हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो हे दाखवलं होतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये तो स्वतः हुंगून आपल्याला काय काय होतं ते नोंदवलं! कोळशाच्या खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावेत ही सूचना त्याचीच. छोट्या जिवाचा श्वास जलद, त्याला आधी लागतं. ब्रिटिश खाणींतून ते पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. आमच्याकडे तर पक्षीही नव्हता.

आणि एमिल झोला. २८ सप्टेंबर १९०२ ला तो आणि त्याची बायको पॅरिसच्या घरी परतले, झोपायच्या खोलीत शेगडी पेटवली, सकाळी तो मेलेला सापडला. बायको वाचली. निष्कर्ष: अपघात. पण १९५३ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्रात दावा आला की ड्रेफसची बाजू घेतल्याचा राग असलेल्या एका धुराडी दुरुस्त करणाऱ्याने, शेजारच्या छपराचं काम चालू असताना, झोलाचं धुराडं मुद्दाम बुजवलं होतं. सिद्ध काही झालं नाही. पण घराचं काम काढलेल्या माणसाला 'शेजारच्या छपराचं काम' हे शब्द वाचून झोप येत नाही, हे नक्की.

असो. परत इंग्लंडमध्ये.

आमच्या घराला मुळात कोळशाच्या शेगड्या होत्या. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत धुराडी, वर छपरावर एकच सामाईक मनोरा. अशी लाखो घरं. डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेला लंडनवर जे विषारी धुकं बसलं त्यात तेव्हाच्या हिशोबाने चार हजार माणसं गेली (नंतरचे अभ्यास बारा हजारांपर्यंत जातात), आणि १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. कोळसा हळूहळू गेला, गॅस आला. पण तो गॅसही कोळशापासूनच बनवलेला, त्यातच कार्बन मोनॉक्साइड असायचा! गळला तरी विष. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातल्या घराघरातल्या शेगड्या आणि बॉयलर नव्या वायूसाठी बदलून देण्यात आले. एवढं मोठं मायग्रेशन, तेही ग्राहकाचा स्वयंपाक फार काळ बंद न ठेवता. आम्ही एक डेटाबेस हलवताना चार वेळा माफी मागतो.

मधल्या काळात १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा एक कोपरा सकाळी सकाळी कोसळला. अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली, शेगडीच्या जोडणीत गळती होती. चार जण गेले. १९७० मध्ये गॅसचं काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली, १९९१ पासून ती सक्तीची. आज नोंदणी नसलेल्या माणसाने पैसे घेऊन बॉयलरला हात लावणं बेकायदा आहे. आमच्या बिल्डरचं 'नंतर बघू' म्हणूनच कामाचं नव्हतं. छतात लपवलेल्या फ्लूला, म्हणजे धुराच्या पाइपला, जागोजागी तपासणीची झाकणं ठेवावी लागतात. नाहीतर नोंदणीवाला माणूस सही करत नाही.

नवा वायू निर्विष असला तरी अर्धवट जळला की तोच कार्बन मोनॉक्साइड. त्यावरचा उपाय मला सगळ्यात आवडला: बॉयलरने खोलीतली हवा घ्यायचीच नाही. एकात एक दोन पाइप. आतल्यातून धूर बाहेर, बाहेरच्या कड्यातून ताजी हवा आत. बॉयलरची पेटी खोलीपासून पूर्ण बंद. खिडकीला कोणी शहाण्याने पुठ्ठा लावला तरी त्याला फरक पडत नाही.

मग आला कंडेन्सिंग बॉयलर. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड लिटरच्या आसपास पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्या वाफेतली सुप्त उष्णता आजवर धुराड्यातून उडून जायची. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली आणला तर वाफेचं पाणी होतं आणि ती उष्णता परत मिळते. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००५ पासून, थोडे अपवाद सोडले तर, नवा गॅस बॉयलर याच जातीचा घ्यावा लागतो. पण इतका थंड धूर स्वतःहून वर जाईल? नाही. तो पंख्याने ढकलावा लागतो. 'रॉकेट'ची तीच अडचण. शिवाय जमलेलं पाणी आम्लधर्मी, ते प्लास्टिकच्या पाइपने गटारात सोडायचं. डिसेंबर २०१० च्या थंडीत घराबाहेरून नेलेले असले पाइप गोठले आणि ऐन बर्फात ठिकठिकाणचे बॉयलर बंद पडले.

तर आमच्यापुढचे पर्याय. बाजूच्या भिंतीतून फ्लू काढावा तर तो उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर हवा, तेवढं जमत होतं. पण बोळ जेमतेम तीन फुटांचा, पलीकडच्या घराचं कुंपण समोर. थंडीत पांढरी वाफ सरळ त्यांच्या दारात. दुसरी सूचना बिल्डरची: मधल्या भिंतीतलं जुनं धुराडं पाडून टाकू, चौदा इंच जागा वाढेल, बॉयलर तिथेच बसवू. बायको खूश. मी शेजारच्या आजींकडे गेलो. वय ८४. त्यांच्या हॉलमधली गॅसची शेगडी आजही त्याच मनोऱ्यातल्या त्यांच्या धुराड्यात सोडलेली आहे, आणि दोन्ही धुराड्यांच्या मध्ये आहे अर्ध्या विटेची, नव्वद वर्षांची भिंत. आम्ही इकडून हातोडे मारायचे आणि तिकडे आजींच्या धुराला फट सापडायची. मी बिल्डरला सांगितलं, धुराड्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, सगळेच पाडतात. म्हटलं, पाडू देत.

हीट पंपाचाही विचार केला. त्याला धूरच नाही, बाबांचा प्रश्नच मिटला असता, आणि २०२३ पासून सरकार ७,५०० पाउंड अनुदान देतंय. पण आमच्या जुन्या भिंतींना आधी अस्तर घालावं लागेल, रेडिएटर बदलावे लागतील, आणि या वर्षीचे पैसे छतावरच्या काचेत गेले. मनाला पटलेलं उत्तर नाही हे, खिशाला पटलेलं आहे.

शेवटी बॉयलर माळ्यावर, फ्लू सरळ छपरातून वर. आमचा गॅसवाला, बोलायला कंजूष पण नोंदणीचा, म्हणाला, सर्वांत छोटा पाइप हाच. जमलेलं पाणी घराच्या आतूनच बाथरूमच्या पाइपला जोडायचं, म्हणजे गोठायची भीती नाही. माळ्यावर फळ्या, दिवा आणि शिडी लागेल, खालून गॅसची जाड नळी न्यावी लागेल. अकराशे पाउंड जास्त. बॉयलर २४ किलोवॅटचा, मिनिटाला दहा लिटर गरम पाणी. पाहुणे आल्यावर चौघांनी लागोपाठ अंघोळी केल्या तरी पुरेल, एकाच वेळी दोन शॉवर नाही. बायकोचं मत: "माझा ओटा छोटा होत नाहीये ना? मग चंद्रावर लाव." एक अलार्म माळ्यावर, एक आमच्या खोलीत, आणि एक मी आजींना नेऊन दिला. त्यांनी बदल्यात लेमन केक दिला.

रविवारी रात्री पुण्याला फोन लावला. त्या मित्राला. हल्ली त्याच्या दोन मुली आहेत, सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी पुठ्ठ्याचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"माहितेय की," तो म्हणाला. "हॉस्पिटलातून आल्यावर बघितलं ना. काचेला टेपचा चिकटा तसाच होता. मीच रॉकेलने पुसला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. नंतर राहूनच गेलं. बरं, ते जाऊ दे, तुझ्या त्या बॉयलरचं काय झालं?"

मंगळवारी गॅसवाला येतोय. छपराला भोक पाडायचंय, पाऊस नको म्हणजे झालं.